सीमोल्लंघन सहा दिवस उशिरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कर नसलेल्या बेटांवर पानभर मजकूर आला होता. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला तरुण आणि शेजारच्या चौकटीत देशांची नावं, त्यापुढे टक्के. बहारीनपुढे शून्य लिहिलं होतं. शून्य बरोबर आहे. मी त्या शून्यात पंधरा वर्षं राहून आले, म्हणून हे पत्र.

वाळूबद्दल आधी सांगते. चित्रातली वाळू बहारीनची नव्हे, मालदीवची असावी. बहारीन म्हणजे साधारण ७८० चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या तालुक्याएवढा मुलूख. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर तेल पहिल्यांदा सापडलं ते तिथे, १९३२ साली. सौदीला जोडणारा पंचवीस किलोमीटरचा समुद्रावरचा पूल १९८६ साली झाला, तेव्हापासून बेट म्हणायचं ते नावाला. ऑगस्टमध्ये चष्मा घालून घराबाहेर पडलं की काचेवर वाफ धरते आणि समोरचं काही दिसत नाही. माडाखाली बसून काम करणारा तरुण मी पाहिला नाही. सलमाबादच्या पत्र्याच्या शेडमध्ये एसीचा आवाज ऐकत काम करणारे पुष्कळ पाहिले. त्यातलीच मी एक. एका कंत्राटदार कंपनीत हिशेब लिहायचे.

मी वाईची. लग्नानंतर इथल्याच एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. यजमान पुण्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात, पगार महिना तीस हजार. २००६ साली त्यांना बहारीनच्या राजधानीतून, मनामाहून बोलावणं आलं. साडेसहाशे दिनार पगार. तेव्हा एक दिनार साधारण १२० रुपयांचा होता, म्हणजे ७८ हजार. वर कर काही नाही. सासऱ्यांनी तीन वेळा विचारलं, "काही नाही म्हणजे किती?"

व्हिसा हातात आला ८ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते, पितृपक्ष लागला होता. सासूबाई म्हणाल्या, पंधरवड्यात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पंधरवडा सरला तर घट बसले. घट बसलेले असताना घरचा कर्ता पुरुष कसा जाणार? मग दसरा, २ ऑक्टोबर. सोनं वाटून झालं, शमीचं पूजन झालं, आणि ४ ऑक्टोबरच्या विमानाने यजमानांनी सीमोल्लंघन केलं. सगळं शास्त्राप्रमाणे झालं, एक आयकराचं शास्त्र तेवढं कोणी पाहिलं नाही.

ते शास्त्र असं. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला, तर तो त्या पूर्ण वर्षापुरता रहिवासी. अर्धं वर्ष इथला आणि अर्धं तिथला अशी वाटणी आपल्या कायद्यात नाही. आणि यजमानांसारखा आयुष्यभर इथेच राहिलेला माणूस रहिवासी ठरला, की जगात कुठेही मिळवलेला पैसा इथे करपात्र. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ४, मिळून १८७. २८ सप्टेंबरला निघाले असते तर १८१ भरले असते. सहा दिवसांसाठी ऑक्टोबर ते मार्चचा बहारीनचा सगळा पगार, पावणेपाच लाखांच्या आसपास, आमच्या भारतातल्या उत्पन्नात येऊन बसला. कराचा आकडा एक लाख तीस हजारांच्या घरात गेला, व्याज वेगळं. हे आम्हाला कळलं दीड वर्षाने, साताऱ्याच्या एका सीएंनी पासपोर्ट मागून घेऊन त्यावरचे शिक्के वाचले तेव्हा.

मी हिशेबनीस, तरी मला ठाऊक नव्हतं. पतसंस्थेत पासपोर्ट कोण बघतो?

आता माझा मुद्दा. यजमान त्या साली जर्मनीला गेले असते, तर तिथे त्यांनी कर भरला असता, आणि दोन देशांतल्या करारामुळे तो भरलेला कर इथल्या करातून वजा झाला असता. बहारीनमध्ये भरलेला कर शून्य. मग वजा काय करणार? ज्या बेटावर कर नाही, तिथून आणलेल्या पैशामागे दाखवायला पावतीच नसते. इथला हिशेब चुकला तर तो पूर्ण अंगावर येतो. आपल्या चौकटीतल्या शून्याचा हा अर्थ लेखात कुठेच नव्हता, आणि लेख वाचून जाणाऱ्याला नेमका तोच लागणार आहे.

त्या वर्षापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने गोल करायची सवय लागली. मी २००७च्या जूनमध्ये गेले. इथे उतरल्याचा दिवसही धरायचा आणि परत निघाल्याचाही, असं सीएंनी बजावलं होतं. त्यावर वाद घालता येतो, पण वाद घालायला पुण्याला खेपा घालाव्या लागतात. दर मार्चला गोल मोजून आकडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहायचा. ती पंधरा कॅलेंडरं मी मनामाहून येताना गुंडाळून आणली. कस्टमच्या साहेबाने उलगडून पाहिली आणि विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, "सुट्ट्या."

तिथे कर नाही म्हणजे खिशातून काही जात नाही, असंही नाही. परदेशी भाडेकरूच्या घरभाड्यावर दहा टक्के नगरपालिकेचे, ते विजेच्या बिलातून यायचे. २०१९च्या १ जानेवारीला पाच टक्के व्हॅट आला, २०२२च्या १ जानेवारीला तो दहा झाला. पगारातून एक टक्का कापायचे, बेरोजगारी विम्याचा. पेन्शन नाही. त्याऐवजी इंडेम्निटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम: पहिली तीन वर्षं दर वर्षाला महिन्याचा अर्धा पगार, पुढे दर वर्षाला एक. यजमानांच्या साडेपंधरा वर्षांचे चौदा पगार मिळाले आणि तिथला हिशेब मिटला. आता मालकाने तो पैसा दर महिन्याला तिथल्या सामाजिक विम्याकडे भरायचा असा नियम आलाय, २०२४च्या मार्चपासून. आमच्या वेळी तो मालकाच्या मर्जीवर आणि त्याच्या बँकेतल्या शिलकेवर असायचा. मी हिशेबखात्यात बसून किती जणांना महिनोन् महिने थांबताना पाहिलंय, ते लिहीत बसत नाही.

पगार कुठे जमा होतो तेही महत्त्वाचं. आमच्या कंपनीतल्या एका पोराला वाटलं, वाटेत पैसे कशाला थांबवायचे, पगार थेट गावच्या बँकेतच पडू दे. मी त्याला आडवी गेले. पैसा पहिल्यांदा भारतात हाती पडला, तर अनिवासी माणसालाही 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून विचारणा होऊ शकते. आधी तिथल्या खात्यात घ्यायचा, मग इकडे पाठवायचा. पाठवलेल्या पैशावर कर नाही.

आता २०२० सालची गोष्ट, कारण आपल्या लेखात तिचा उल्लेख एका ओळीत आणि अर्धवट होता. १ फेब्रुवारीला शनिवार होता आणि रथसप्तमी होती. बहारीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. आम्ही वीस-बावीस बायका माझ्या घरी शेवटच्या हळदीकुंकवाला जमलो होतो. तिळगूळ देऊन होतोय तोवर बाहेरच्या खोलीत पुरुषांचे फोन वाजायला लागले. अर्थसंकल्पात म्हणे आलंय, की जो भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात कर भरायला बांधील नाही, तो भारताचा रहिवासी मानला जाणार. मग तो वर्षभरात एकही दिवस भारतात राहिला नसला तरी. आखातातले आम्ही सगळे त्या वाक्यात बसत होतो. एकीने हातातलं वाण खाली ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, "म्हणजे आता परत जायचं?" दुसऱ्या दिवशी अर्थखात्याचा खुलासा आला, की आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तिथल्या पगारावर कर लावायचा हेतू नाही. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. मार्चमध्ये कायदा झाला तेव्हा त्यात पंधरा लाखांची अट आली: परदेशी उत्पन्न सोडून ज्याचं उत्पन्न त्या आकड्याच्या वर, त्यालाच हे लागू. महाराष्ट्रातून कोणी पत्र लिहिल्याचं आमच्या तरी कानावर आलं नाही. असो.

असा मानलेला रहिवासी कायद्याच्या भाषेत 'सर्वसाधारण रहिवासी नसलेला' ठरतो. म्हणजे त्याचा परदेशातला पगार, तिथलं व्याज, तिथलं भाडं यांना धक्का नाही. म्हणून नोकरदार सुटले. पण कायद्यात एक अपवाद आहे, आणि आपल्या चित्रातला लॅपटॉपवाला तरुण बरोबर त्यात सापडतो. परदेशातून आलेलं असलं, तरी जो धंदा भारतातून चालवला जातो किंवा जो व्यवसाय भारतात थाटलेला आहे, त्याचं उत्पन्न अशा माणसाला इथे करपात्र.

माझा भाचा हे उदाहरण आहे, म्हणून इतकं लिहिलं. तिशीचा आहे, बाणेरला राहतो. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून परदेशी कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेतो. गिऱ्हाईकं इथे असताना मिळवलेली, करार इथल्या पत्त्यावर, हाताखालची दोन मुलं अजून पुण्यातच बसतात. त्याने आपला लेख मला मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, बहारीन फायनल. टॅक्स झीरो." मी फोन केला. म्हटलं, तुझा व्यवसाय थाटलाय कुठे? तो म्हणाला, क्लाउडवर. मी म्हटलं, क्लाउडचा पॅन नंबर दे.

त्याचा हिशेब असा होता की भारतातलं उत्पन्न म्हणजे एका फ्लॅटचं भाडं, पंधरा लाखांच्या आसपासही जात नाही, म्हणजे ते कलम आपल्याला लागू नाही. कागद वाचायला बसवल्यावर त्याला दिसलं की ते पंधरा लाख मोजताना 'परदेशी उत्पन्न' वगळायचं असलं, तरी भारतात थाटलेल्या व्यवसायाचं उत्पन्न त्या वगळण्यात येत नाही. म्हणजे ज्या कमाईसाठी बेट गाठायचं, तीच कमाई धरून पंधरा लाख मोजायचे आणि मग तिच्यावरच कर भरायचा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे लेखात नव्हतं." म्हणून आपल्याला लिहितेय.

त्याला मार्ग नाही असं नाही. व्यवसाय खरोखरच तिकडे न्यावा लागेल: तिथे नोंदणी, तिथल्या नावाने नवे करार, निर्णय तिथे बसून. पुण्यातल्या दोन मुलांचं काय करायचं तेही ठरवावं लागेल. पण मग ते माडाखाली बसणं राहत नाही, धंदा करणं होतं.

अनिवासी झाल्यावर मागे राहिलेल्या गोष्टींचं काय होतं, यावर आपल्या लेखात अक्षर नव्हतं. माझ्या धाकट्या दिरांची गोष्ट सांगते. ते अजून मनामातल्या जुफैरला आहेत. त्यांनी २००८च्या दिवाळीत कोथरूडला ३२ लाखांना फ्लॅट घेतला होता, तो २०२५च्या जानेवारीत ८० लाखांना विकला. घेणारं जोडपं पुण्यातलंच, सरळ माणसं. त्यांना वाटत होतं नेहमीप्रमाणे एक टक्का टीडीएस कापायचा, ऐंशी हजार. तो नियम विकणारा रहिवासी असेल तर. विकणारा अनिवासी असला की तेव्हाच्या नियमाने घेणाऱ्याने टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढायचा आणि दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या दराने कापायचं. साडेबारा टक्के, त्यावर अधिभार, त्यावर उपकर, मिळून १४.३ टक्के. आणि कापायचं नफ्यावर नाही, पूर्ण ऐंशी लाखांवर. ११ लाख ४४ हजार रुपये कापून उरलेला धनादेश दिरांच्या हाती आला.

प्रत्यक्षात नफा ४८ लाख. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे सहा लाख आणि उपकर, ६ लाख २४ हजार. बाकीचे ५ लाख २० हजार विवरणपत्र भरून परत मिळवायचे, ते यायला पुढचा नोव्हेंबर उजाडला. व्यवहाराआधी आयकर खात्याकडे अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेता येतो. दिरांना ते कोणी सांगितलं नाही. दलालाने तर नाहीच.

याहून मला लागली ती दुसरी गोष्ट. २३ जुलै २०२४ला नियम बदलला, महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरायची सवलत गेली आणि दर साडेबारा झाला. आरडाओरड झाल्यावर सरकारने जुन्या घरांसाठी पर्याय ठेवला: नव्या पद्धतीने साडेबारा टक्के किंवा जुन्या पद्धतीने वाढीव किमतीवर वीस टक्के, जे कमी पडेल ते. २००८-०९चा महागाई निर्देशांक १३७ आणि २०२४-२५चा ३६३. दिरांच्या ३२ लाखांचे त्या हिशेबाने ८४ लाख ७९ हजार होतात. विक्री ऐंशीची. म्हणजे नफाच नाही, कर शून्य. पण हा पर्याय फक्त रहिवाशांना आहे. त्याच सोसायटीत, त्याच मजल्यावर, त्याच साली घेतलेला फ्लॅट शेजाऱ्यांनी त्याच किमतीला विकला असता तर कराचा एक रुपया लागला नसता. दिरांना सव्वासहा लाख लागले. जावबाईंनी मला फोनवर विचारलं, "वहिनी, हे बिनकराचं बेट आहे ना?" मी काय उत्तर देणार?

अशा लहानमोठ्या बऱ्याच गोष्टी आहेत. बारा लाखांपर्यंत कर नाही असा गाजावाजा झाला, ती सूट अनिवासींना नाही. घर भाड्याने दिलं तर भाडेकरूने दर महिन्याला ३१.२ टक्के कापून भरायचे असतात. भाडेकरू हे ऐकल्यावर दुसरं घर बघतो. नवं पीपीएफ उघडता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठेवता येते. मेणवलीच्या बाजूला सासऱ्यांच्या चुलतभावाची वीस गुंठे निघाली होती, ती या नियमामुळे आमच्या हातून गेली. यजमान अजून त्या रस्त्याने जाताना मान वळवतात.

आणि बँक. इथून जाताना बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. आम्ही कागद दिले होते. शाखेने ते फायलीत लावले आणि खातं तसंच ठेवलं, चार वर्षं. विचारलं तर म्हणे, "तुम्ही येता-जाता दिसता, आम्हाला वाटलं इथेच आहात." वाईत एवढं आपलेपण आहे.

परत येतानाही एक चूक झाली, ती माझी. आम्ही २०२२च्या जूनमध्ये कायमचे आलो. आधीची दहा वर्षं अनिवासी असल्यामुळे पहिली दोन वर्षं आम्ही 'सर्वसाधारण रहिवासी नसलेले' ठरलो. बहारीनच्या खात्यातल्या पैशाला त्या काळात इथे प्रश्न नव्हता. माझ्या डोक्यात बसलं, की मग इथल्या एनआरई, म्हणजे अनिवासी असताना परदेशातल्या कमाईतून ठेवलेल्या, मुदत ठेवीचं व्याजही दोन वर्षं करमुक्तच. तसं नाही. ती माफी परकीय चलनाच्या कायद्यावर टेकलेली आहे, आणि त्या कायद्याने माणूस कायमचा परत आला की त्या दिवसापासून इथला. आयकराचे दिवस वेगळे, परकीय चलनाचे वेगळे. ठेवीची पावती मी कपाटात जपून ठेवली आणि त्यावर दीड वर्षाचा कर व्याजासकट भरला. यजमानांनी एक शब्द काढला नाही. दसऱ्याची फिट्टंफाट झाली.

मग २०२४चा नोव्हेंबर. मोबाइलवर आयकर खात्याचा संदेश: परदेशात खातं असल्याचं आम्हाला कळलं आहे, विवरणपत्रात दाखवलंय ना ते पाहा. बहारीनमध्ये शेवटच्या हिशेबासाठी चालू ठेवलेलं एक खातं होतं, काही शे दिनारांचं. ते एवढंसं बेट, पण २०१८ पासून तिथल्या बँका परदेशी रहिवाशांची माहिती आपापल्या देशांना कळवणाऱ्या व्यवस्थेत आहेत. पुरवणीत 'गोपनीयता' असा शब्द ठळक छापला होता. तो काढावा ही विनंती.

मॉरिशसचं नाव त्याच चौकटीत 'आपल्या मराठी माणसांचं बेट' म्हणून होतं. तिथले मराठी लोक उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या कोकण्यांचे वंशज आहेत, कर वाचवायला कोणी गेलं नव्हतं. शिवाय तिथे व्यक्तीला प्राप्तिकर आहे. पूर्वी सरसकट पंधरा टक्के होता, २०२३च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने वीसपर्यंत जातो. मॉरिशसमार्गे कर वाचायचा तो भारतात शेअर घेणाऱ्या कंपन्यांचा, १९८३ साली लागू झालेल्या करारामुळे. २०१६ साली करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारतात कर बसायला लागला. बाणेरच्या मुलाशी त्याचा संबंध नव्हता आणि नाही.

आम्ही गेलो याचं मला वाईट वाटत नाही. मुलीचं शिक्षण झालं, गंगापुरीतलं घर बांधून झालं, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात पैशाकडे बघावं लागलं नाही. त्या आजारपणात मात्र मी एकदा कॅलेंडरकडे बघितलं होतं. इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असलेल्या अनिवासींना २०२० पासून भेटीचे दिवस १८२ ऐवजी १२० झालेत. आम्हाला ती मर्यादा लागू नव्हती, तरी त्यांच्या उशाशी बसून मी दिवस मोजत होते. त्यांनी विचारलं, "काय मोजतेस?" म्हटलं, "एकादशी कधी आहे ते बघते."

आपल्याकडे मागणं एवढंच, की हा विषय पुन्हा छापाल तेव्हा टक्क्यांच्या चौकटीशेजारी दिवसांचीही एक चौकट द्या, मराठीत, तारखांसकट. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदललेत, 'मागील वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलंय, पण १८२ तेच आहेत. २८ सप्टेंबर ही तारीख तेवढी मोठ्या टायपात टाका.

कारण परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. भाच्याने कागदपत्रं नीट करायला घेतली आहेत, तिकडे नोंदणीचं चाललंय, जायचं नक्की आहे. स्वतःच्या धंद्यासाठी जाणाऱ्यालाही नोकरीवाल्यासारखेच १८२ दिवस धरावेत, असा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यामुळे तारीख त्यालाही पाळावीच लागणार. बहीण म्हणाली, "ताई, दसऱ्याआधी कसं पाठवू गं त्याला? पितृपक्ष आहे, मग घट आहेत." मी उठून कॅलेंडरपाशी गेले. यंदा अधिक मास आल्याने सण पुढे गेलेत. दसरा २० ऑक्टोबरला. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, शुक्रवार. पितृपक्ष २७ पासून. मध्ये एकच दिवस मोकळा आहे, शनिवार, २६ सप्टेंबर. त्या दिवशी १७९ भरतात. मी तिला म्हटलं, गणपती बुडवून आला की त्याच रात्री बॅग भरून ठेव. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण तिकीट त्याच दिवसाचं काढलं आहे.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
गंगापुरी, वाई (जि. सातारा)